बॅरी सँडर्स: विक्रम सोडून गेला, पण पळून नाही

काही जण म्हणतात, की अमेरिकन फुटबॉलमधला धावपटू (रनिंग बॅक) बॅरी सँडर्स निवृत्ती घेऊन ऐन भरात पळून गेला. मला नाही पटत. आकड्यांचा सोस त्याला कधीच नव्हता. १९८९ चा, म्हणजे पहिलाच व्यावसायिक मोसम घ्या. शेवटच्या सामन्यात, चेंडू घेऊन धावत मोसमात सर्वाधिक यार्ड कापणाऱ्याचं अव्वल स्थान जेमतेम १० यार्डांवर होतं, आणि सामना खिशात असल्याने हा पुन्हा मैदानात उतरलाच नाही!

कॉलेजचं तर विचारूच नका. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या संघात दोन वर्षं मुख्य धावपटू थर्मन थॉमसचा राखीव म्हणून बसला आणि १९८८ मध्ये संधी मिळताच ११ सामन्यांत २,६२८ यार्ड, वर हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान. त्यानंतरच्या हॉलिडे बोल या मोसमाअखेरच्या खास सामन्यातले २२२ यार्ड यात धरलेलेच नाहीत. तेव्हा बोल सामने मोसमाच्या हिशेबात येत नसत.

डेट्रॉइट लायन्स या व्यावसायिक संघाकडे १० मोसमांत १५,२६९ यार्ड, पण प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीत, विजय फक्त एक. १९९९ मध्ये आपल्या गावच्या, विचिटाच्या वर्तमानपत्राला फॅक्स करून तो निवृत्त झाला, तेव्हा वॉल्टर पेटनचा कारकिर्दीतल्या सर्वाधिक यार्डांचा विक्रम १,४५७ यार्डांवर होता. सतत हरणाऱ्या संघासाठी अजून किती हाडं झिजवायची त्याने?