मदत हवी आहे: गुटख्यामुळे तोंड उघडत नाही, ऑपरेशन करावं का?

नमस्कार. माझा धाकटा भाऊ, वय ३१, सेलूला मोंढ्यात आडतीवर कामाला आहे. गुटख्यामुळे त्याला सबम्युकस फायब्रोसिस (तोंडाच्या आतली त्वचा कडक होऊन आवळत जाण्याचा आजार) झालाय. तोंड जेमतेम १५ मिमी उघडतं, एक बोटही धड जात नाही. भाकर दुधात कुस्करून खातो, तिखटाचं नाव काढलं तरी डोळ्यांत पाणी येतं. (बंदी २०१२ पासून आहे, पण पुडी कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते, याचा फार संताप येतो.)

गुटखा दिवाळीपासून पूर्ण बंद आहे. बायोप्सी झाली, कॅन्सर नाही. शुगर, बीपी नाही. परभणीत गालात स्टिरॉइड आणि हायलुरोनिडेजची इंजेक्शनं घेतली, लायकोपीनच्या गोळ्या झाल्या, आईस्क्रीमच्या काड्या दातांत धरून व्यायाम रोज चालू आहे. जळजळ कमी झाली, तोंड मात्र तेवढंच.

आता गालातले कडक पट्टे कापून तिथे गालातलीच चरबी बसवायची, असं सर्जन म्हणतात. नंतर कित्येक महिने व्यायाम केला नाही तर तोंड पुन्हा आवळतं, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलंय. भूल देताना नळी दुर्बिणीने नाकातून घालावी लागेल, म्हणून ती सोय असलेलंच हॉस्पिटल हवं. केशरी रेशनकार्ड आहे. पुण्या-मुंबईला वरचेवर जाणं जमणार नाही.

ज्यांच्या घरी हे ऑपरेशन झालंय त्यांनी सांगा: वर्षभरानंतर तोंड किती मिमी उघडं राहिलं? आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा लातूर-नांदेडकडे हे जन आरोग्य योजनेत कुणाचं झालंय का?