फ्लेक्सवर फक्त नव्वदीवालेच का?

कुणीतरी विचारलंय, ऐरोलीत शाळेच्या गेटवर दहावीच्या नव्वदीपारवाल्यांचे फ्लेक्स लागतात, त्यात गैर काय? गैर काही नाही, पोरांनी मेहनत घेतलीय. पण बोर्डानेच गुणवत्ता यादी कधीची बंद केली, ती आपण चौकाचौकात टांगतोय. (त्यातही निम्मी जागा भाऊंच्या फोटोला!)

आमच्या सोसायटीत गणपतीतल्या सत्काराला यंदा सत्तर टक्क्यांच्या घरातली एक मुलगीही होती, इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड मिळवलेली. मखर तिनेच रंगवलेलं. श्रीफळ घेतानाही नखांत निळा रंग होता, आणि टाळ्या तिलाच जास्त पडल्या.

ज्यांचे विषय राहिले त्यांच्याबद्दल मात्र कुणीच बोलत नाही. जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, दोन विषयांपर्यंत राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. हे निकालाच्या आधीच घरात बोलून ठेवा, नंतर पोराच्या कानात काही शिरत नाही. टेलिमानस या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. शाळेने फ्लेक्स जरूर लावावा, पण खाली ठळक अक्षरांत हा नंबरही छापावा. पालकसभेत मी हे मांडणार आहे, कोण कोण सोबत येताय?