अनुभव धागा : शेवटची पाने नसलेली कादंबरी

पावसाळी प्रवासी : गेल्या आठवड्यात चोर्ला घाटाकडे जाणारी आमची बस पावसामुळे बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीत तासभर थांबली. टपरीवर चहा घेताना आठवले, की ‘मोचनगड’ लिहिणारे रामचंद्र भिकाजी गुंजीकर याच गावचे. १८७१ सालची ही कादंबरी मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. काळ शिवाजी महाराजांचा, गड मात्र कल्पनेतला. इतिहासात आपल्याला हवा तसा गड बांधून घेण्याची ही चैन आपल्याच मुलखातल्या माणसाने सुरू केली, याचे मला फार कौतुक वाटते. त्यावरून मावशी आठवली. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ची तिच्याकडे जुनी प्रत होती आणि तिची शेवटची पाने वाळवीने खाल्ली होती. रात्री वीज गेली की कंदिलाच्या उजेडात ती आम्हा भावंडांना वाचून दाखवी आणि पाने संपली तरी तिचा आवाज थांबत नसे. बोट कोऱ्या पुठ्ठ्यावरून तसेच सरकत राही. भीमगडच्या जंगलातली वटवाघळांची गुहा त्या कादंबरीत आहे, अशी बारावीपर्यंत माझी ठाम समजूत होती. आपणही असे अनुभव लिहावेत.

निपाणीकर : आमच्याकडे वाचनाचे माप विड्यांवर होते. आई आणि शेजारच्या दोघी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत आणि मी उंबऱ्यात बसून त्यांना कादंबरी वाचून दाखवत असे. एक हजार पुरे झाल्याखेरीज पुढचे प्रकरण उघडायचे नाही, असा आईचा नियम होता. तलवारींची चकमक सुरू झाली की तिघींचे हात भरभर चालत. नायक-नायिका बागेत भेटली की दोरा बोटातच राही, आणि त्या दिवशीच्या मालात छाट, म्हणजे नापास विड्या, जास्त निघे. नुकसान नको म्हणून मी प्रेमप्रसंग परस्पर गाळू लागलो. लग्नानंतर पत्नीने तीच कादंबरी वाचली, तेव्हा मला कळले की नायकाचे शेवटी लग्न झाले होते.

टिळकवाडीची वाचक : निपाणीकरदादा, पोळ्या लाटता लाटता वाचले आणि तव्यावरची पोळी करपली. माझ्या शाळेत बाकावर बैलहोंगलकडची एक मैत्रीण होती. मधल्या सुट्टीत मी तिला कादंबरीतले रोज एक प्रकरण मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये सांगत असे. भुयाराला शब्द सुचेना तेव्हा ‘सुरंग’ म्हटले आणि तिला ते बरोबर समजले. बदल्यात तिने शिवाजी महाराजांच्या सैन्याशी लढलेल्या बेळवडीच्या राणी मल्लम्माची गोष्ट सांगितली. तिच्या गोष्टीत महाराजांचे सैन्य पलीकडच्या बाजूला होते, ही गोष्ट मला इतकी लागली की आठ दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. नवव्या दिवशी तिनेच हळूच विचारले, “मुंदे एनाय्तु?” पुढे काय झाले, हे तिलाही कळायला हवे होते.

किल्ला परिसर : आपणा सर्वांच्या आनंदावर विरजण घालतो, क्षमस्व. अशा कादंबऱ्यांमुळे खरा इतिहास झाकला जातो. मुले बेळगावच्या किल्ल्यात भुयार शोधत हिंडतात आणि १२०४ सालच्या कमल बस्ती या जैन मंदिराचे छत न पाहताच घरी परततात.

खानापूरकर : काका, मीही भुयार शोधायलाच गेलो होतो. दमून बस्तीत टेकलो, मान वर केली आणि छतातले दगडी कमळ दिसले. हलशीलाही असाच एका कदंब राजपुत्राच्या नादाने गेलो. राजपुत्र पूर्णपणे लेखकाच्या मनचा निघाला. भूवराह नरसिंहाचे मंदिर मात्र खरे होते, आणि मी त्या दिवशी शेवटची बस चुकवली.

टांगेवाल्याचा नातू : माझी तक्रार वेगळी आहे. मी वाचलेल्या एका कादंबरीत नायक संध्याकाळी पन्हाळ्याहून निघून उजाडायच्या आत बेळगावात पोहोचतो, म्हणजे रात्रीत शंभराहून अधिक किलोमीटर, तेही एकाच घोड्यावर आणि भर पावसात. हे मी आजोबांना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, की घोड्याला दाणा कुठे दिला आणि नाल कुठे बदलली? साधे तट्टू दिवसाला ५०-६० किलोमीटर चालले तरी पुष्कळ, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर कोणतीही कादंबरी वाचायला घेतली की ते आधी घोड्याची चौकशी करत. घोडा जेवला असे लेखकाने लिहिले असेल, तर पुढचे भूत, यक्षिणी, मंतरलेली अंगठी असे सर्व काही त्यांना बिनतक्रार मान्य असे.

टिळकवाडीची वाचक : आजोबांचा मुद्दा मला पूर्ण पटला. माझी तीच चौकशी नायिकेच्या स्वयंपाकाबद्दल असते. वनवासात तिला मीठ कुठून मिळते, हे कोणीच सांगत नाही.

किल्ला परिसर : खानापूरकर, आपण वर पाहिलेत, म्हणून माझे निम्मे म्हणणे मागे घेतो.

खानापूरकर : आभारी आहे. पावसाळी प्रवासी, माझ्याकडे ‘वीरधवल’ची संपूर्ण प्रत आहे. शेवटच्या पानांची छायाचित्रे पाठवू का?

पावसाळी प्रवासी : मावशीला फोन करून विचारले. “त्यात गुहा आहे का? नसेल तर राहू दे,” असे तिने सांगितले.

निपाणीकर : मग प्रत मला द्या. कडोलीच्या साहित्य संमेलनाला आपण येणार असाल, तर तिथेच घेतो. प्रेमप्रसंगांची पाने शाबूत आहेत ना, तेवढे मात्र आधी पाहून ठेवा. या वेळी वाचून पत्नी दाखवणार आहे.