गिनीपिगच्या बाटलीखालचा कोपरा रोज ओला होतो, काय करावं?

सिंहगडरोडकर
दोन गिनीपिग आहेत, दोन्ही माद्या. एकीचं वजन ९०० ग्रॅम, दुसरीचं ८५०. पिंजरा जाळीच्या चौकटी जोडून केलेला. तळाला सनपॅकची (पोकळ प्लास्टिकची) शीट, तिच्यावर घडी घातलेला टर्किश टॉवेल आणि वर फ्लीसचं मऊ लवदार कापड. ५०० मिलीची छर्‍याची बाटली जाळीला बाहेरून अडकवली आहे, आत फक्त नळी येते, तिच्या तोंडाशी धातूची गोळी म्हणजे छर्रा. पाणी दोन दिवसांनी भरतो.

सकाळी फ्लीस कोरडं असतं. संध्याकाळी मात्र बाटलीखालची दोन तळव्यांएवढी जागा चिंब झालेली असते आणि टॉवेलला वास येतो. झाकण आवळून पाहिलं, नवीन बाटलीही आणून पाहिली, फरक नाही. पिंजरा पश्चिमेच्या बाल्कनीच्या दारापाशी आहे. सोसायटीला बराच काळ टँकरचं पाणी येतं. बाटलीच गळते आहे की आणखी काही? आणि थोडं गळणारच असेल तर त्या कोपर्‍यात खाली काय घालावं?

टिपूस
सकाळी कोरडं आणि संध्याकाळी ओलं, यातच अर्धं उत्तर आलं. झाकण खराब असतं तर रात्रीही गळलं असतं.

ही बाटली छर्‍यामुळे पाणी धरते असं वाटतं, पण छर्रा नळीचं तोंड पूर्ण बंद करत नाही. पाणी अडतं ते आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असल्यामुळे. भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा धरून पेला पालथा केला की पाणी पडत नाही, तसंच हे. गिनीपिग जिभेने छर्रा ढकलतो, थोडं पाणी बाहेर येतं, बदल्यात हवेचा एक बुडबुडा वर जातो आणि पुन्हा तोल सांभाळला जातो.

आता दुपारचं बघा. बाटली अर्धी रिकामी आहे, म्हणजे आत २५० मिली हवा आहे. सकाळी २० अंश, दुपारी दारापाशी ३५. हवा तापली की फुगते, आणि ओल्या बाटलीत वाफेचीही भर पडते. दोन्ही धरून त्या हवेला साधारण २२ मिली जास्त जागा लागते, आणि तेवढंच पाणी नळीवाटे थेंबथेंब बाहेर ढकललं जातं. २२ मिली म्हणजे चार-साडेचार चमचे. तुमच्या दोन तळव्यांचा हिशेब इथे लागतो. हीच बाटली काठोकाठ भरलेली असती आणि आत २५ मिलीच हवा असती, तर तेवढ्याच उन्हात जेमतेम दोन मिली पडलं असतं. नवीन बाटलीनेही फरक पडला नाही तो यामुळेच. मार्च-एप्रिलमध्ये पुण्यात पहाट आणि दुपार यांत १५-२० अंशांचा फरक सहज असतो, त्यामुळे हा त्रास तेव्हा सगळ्यात जास्त.

म्हणून पहिलं काम, बाटली रोज भरा, आणि गळ्यापर्यंत भरा. पाण्याने भरलेल्या बादलीत बाटली बुडवून झाकण पाण्याखालीच लावलं तर हवा जवळजवळ राहत नाही. फ्रिजमधलं किंवा माठातलं गार पाणी भरू नका. ते खोलीच्या तापमानाला येताना त्यातली विरघळलेली हवा सुटते आणि वर साठते. उलटी केल्यावर छर्रा बोटाने दोन-तीनदा ढकला, बुडबुडा वर गेला की नळी पुसा. सुरुवातीचे पाच-दहा थेंब पडणारच, दाब जुळेपर्यंत तेवढं होतं. बाटली अडकवताना पिळली जाऊ नये, कारण तारेच्या कड्याने मऊ प्लास्टिक दाबलं गेलं तरी पाणी येतं.

दुसरं काम म्हणजे जागा. पश्चिमेचं दार सोडून आतल्या भिंतीशी न्या. नुसत्या बाटलीवर जुना मोजा चढवूनही दुपारचं तापणं बरंच कमी होतं, पण ऊन तुमच्या गिनीपिगांनाही सोसत नाही. २८-३० अंशांच्या वर त्यांना उष्माघाताचा धोका असतो, त्यामुळे पिंजराच हलवणं बरं.

तरीही बाटलीवर संशय असेल तर मोजून पाहा. बाटली पिंजर्‍याबाहेर, त्याच जागी, वाटीवर टांगा आणि बारा तासांनी वाटीतलं पाणी औषधाच्या दुकानात मिळणार्‍या बिनसुईच्या १० मिलीच्या सिरिंजने मोजा. दिवसा आणि रात्री सारख्याच वेगाने पडत असेल तर वॉशर, गळ्याची बारीक चीर किंवा छर्रा. फक्त दुपारी पडत असेल तर हवा. बाहेर काहीच पडत नसेल आणि आत ओल येत असेल, तर दोष बाटलीत नाही, पिंजर्‍यात आहे.

बोहरीआळी_वॉशर
छर्‍याबद्दल थोडं. टँकरचं किंवा बोअरचं पाणी जड असतं. नळी काढून उजेडात धरा: छर्रा जिथे टेकतो तिथे आतून पांढरं कडं दिसेल, नखाला खरखरीत लागेल. तो क्षार. छर्रा त्या कड्यावर तिरका बसतो आणि एका बाजूने पाणी सरकत राहतं. एक कप कोमट पाण्यात एक चहाचा चमचा लिंबूसत्व विरघळवा आणि नळी अर्धा तास त्यात ठेवा. पांढरं व्हिनेगर असेल तर निम्मं पाणी घालून तेही चालेल. मग बाटली घासायच्या बारीक ब्रशने आतून घासा आणि वाहत्या पाण्याखाली छर्रा हलवत दोन मिनिटं धुवा. टँकरचं पाणी असेल तर दर पंधरा दिवसांनी. खडकवासल्याचं पाणी येणार्‍या घरांत महिन्यातून एकदा पुरतं.

गिनीपिगना एक खोड असते: तोंडातला चघळलेला चारा नळीत परत ढकलतात. त्याचा हिरवट लगदा छर्‍यामागे अडकतो. कधी त्याने गळती होते, कधी उलट नळी पूर्ण बंद होते, आणि हे दुसरं जास्त वाईट, कारण बाटली भरलेली दिसते आणि जनावर तहानलेलं राहतं. म्हणून रोज भरताना छर्रा दाबून पाणी येतंय का ते बघायचंच. दोन गिनीपिग असतील तर बाटल्याही दोन.

वॉशर काळा, कडक किंवा एका बाजूला चपटा झाला असेल तर बदला. झाकण सोबत घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा आणि सिलिकॉनचा मागा, अंदाजाने आणलेला बसत नाही. झाकणाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोन वेढे दिले तर चालतील, पण नळीच्या तोंडाशी टेप, एमसील, फेविक्विक काहीही लावू नका. ते पोटात जातं.

गवतकाडी
वरच्या दोन्ही प्रतिसादांना अनुमोदन, पण बाटली कितीही नीट असली तरी पिताना चार थेंब सांडणारच. त्यामुळे खालची सोयही हवी.

सगळ्या पिंजर्‍याचं अंथरूण जाड करत बसू नका. बाटलीखालचा तुकडा वेगळा काढा. तुळशीबागेत चहाचा स्टीलचा ट्रे मिळतो, साधारण ३० बाय २० सेंमीचा, काठ दोन-अडीच सेंमी. एवढ्या काठावरून त्या सहज चढतात. त्यात भट्टीत वाळवलेल्या लाकडाचे पेलेट (दाबलेल्या भुशाच्या कांड्या) एक सेंमी पसरा. मांजरांसाठी विकतात तेच, पण मातीचे गोळे होणारे नकोत. ते खाल्ले तर पोटात फुगतात आणि त्यांची धूळ फुप्फुसाला त्रास देते. पेलेट ओले झाले की फुटून भुसा होतो, म्हणजे किती गळलं ते नुसतं बघूनही कळतं. वर ट्रेच्या मापाचं फ्लीस उशीच्या अभ्र्यासारखं शिवून चढवा, म्हणजे पाय पेलेटवर पडत नाहीत. ट्रेवर नुसती जाळी ठेवायची चूक करू नका. त्यांच्या तळपायांवर केस नसतात, जाळीवर उभं राहून टाचांना जखमा होतात.

रोज फक्त हा ट्रे बाहेर काढायचा, फुटलेले पेलेट फेकायचे, अभ्रा बदलायचा. पाच मिनिटांचं काम. ट्रेने जमीन दोन सेंमी वर येते, तेवढी बाटलीही वर घ्या. नळीचं टोक पायाखालच्या जागेपासून ८-१० सेंमीवर हवं, मान किंचित वर करून पिता आलं पाहिजे. त्याहून खाली असेल तर पाठ घासून छर्रा दाबला जातो.

तुमचं फ्लीस नवं आहे का? नव्या फ्लीसवर पाणी मोत्यासारखं उभं राहतं, खाली जात नाही. तीन-चार वेळा गरम पाण्यात धुतल्याशिवाय ते पाणी खाली सोडत नाही. कम्फर्टसारखं कपडे मऊ करणारं काही घालू नका, त्याचा थर बसला की पुन्हा तेच. वाटीभर पाणी ओतून बघा: दहा सेकंदांत खाली गेलं तर ठीक. आणि टर्किश टॉवेल खाली एकपदरी ठेवा. घडी घातली की आतला पदर वाळत नाही, तुमचा वास तिथून येत असावा.

नारायणपेठ_७
बाटलीऐवजी जड चिनीमातीचं वाडगं ठेवून बघा. तोंड १२ सेंमी, उंची ५-६, आणि खाली एक फरशीचा तुकडा, म्हणजे त्यात गवत कमी पडतं. काही गिनीपिग त्यातून जास्त पाणी पितात. पण दिवसातून दोनदा बदलावंच लागतं, आणि त्यात पाय टाकणारी एक जरी असली तरी ओल बाटलीपेक्षा जास्त होते. बाटली काढू नका, दोन्ही ठेवा.

गुलबक्षी
ती ओल पाण्याचीच आहे याची खात्री केलीत का? गिनीपिग कोपर्‍यात मुततात, आणि बाटली बहुधा कोपर्‍यातच असते. पांढरा टिश्यू दाबून बघा. पिवळट डाग, उग्र वास किंवा वाळल्यावर पांढरी खडूसारखी पूड राहिली तर ते मूत्र आहे. थोडी पूड असणं नेहमीचं आहे, त्यांच्या मूत्रातून कॅल्शियम जातं. ती दाट आणि वाळूसारखी लागली, किंवा मुतताना ओरडत असेल, तर मात्र पशुवैद्याकडे न्या. मोठ्या गिनीपिगला रोज लसूणघास देत असाल तर बंद करा, त्यात कॅल्शियम फार असतं.

पाणी किती संपतं तेही लिहून ठेवा. किलोमागे दिवसाला साधारण १०० मिली पितात, हिरवा पाला भरपूर असेल तर कमी. तुमच्या दोघींचं मिळून १७५ मिलीच्या आसपास. गळती थांबल्यावरही २५०-३०० संपत असेल तर ते पिण्याचं प्रमाण आहे, आणि तपासून घ्यायला हवं.

आणखी एक. बाटली कोरडी, फ्लीस कोरडं, पण एकीची हनुवटी आणि गळा सतत ओला, असं असेल तर दात दाखवा. त्यांचे दात आयुष्यभर वाढतात. मागचे दात वेडेवाकडे वाढले की लाळ गळते, आणि घरी मात्र बाटलीलाच दोष दिला जातो.

ओलीला मी इतकं का धरून बसले आहे ते सांगते. ओल्या मुताळ अंथरुणातून अमोनिया निघतो. आपल्याला उभ्याने वास येतो, त्यांचं नाक जमिनीपासून चार बोटांवर असतं. त्याने श्वासनलिका सुजते आणि मग न्यूमोनियाला निमित्त लागत नाही. तळपायांना सूज, पोटाला बुरशी हेही ओलीचेच परिणाम. पावसाळ्यात तर माश्या ओल्या केसांत अंडी घालतात आणि अळ्या दिवसाभरात कातडीत शिरतात. जून ते सप्टेंबर रोज दोनदा उलटं करून मागची बाजू बघायचीच. फ्लीस दोरीवर वाळत नाही तेव्हा तीन जोड असू द्या, आणि इस्त्री फिरवूनच घाला. हाताला गार लागतं ते वाळलेलं नसतं.

व्हिटॅमिन सी पाण्यात घालत असाल तर थांबवा. ते पाण्यात लवकर नासतं, आणि गोड थेंबांनी नळी चिकट होते. ढोबळी मिरचीची फोड किंवा पेरूचा तुकडा रोज द्या.

सिंहगडरोडकर
सगळ्यांचे आभार. मोजून पाहिलं. जुन्याच जागी अर्धी भरलेली बाटली वाटीवर टांगली, सकाळी ८ ते रात्री ८: २४ मिली. दुसर्‍या दिवशी आतल्या भिंतीशी, काठोकाठ भरून: ३ मिली. नळीत पांढरं कडं होतं, लिंबूसत्वाने निघालं. टिश्यूवर पिवळं काही नाही. पण आता तीच बाटली पिंजर्‍यात लावली तर संध्याकाळी पुन्हा ओल आहे, आधीच्या निम्मी. बाहेर ३ आणि आत एवढी, हे कसं? आत ट्रे ठेवला आहे, पेलेट एकाच बाजूचे फुटलेत, चार्‍याच्या टोपलीकडचे.

टिपूस
टोपली नळीपासून किती लांब आहे? गवताची एक काडी जरी छर्‍याला टेकली तरी ती वातीसारखं पाणी ओढते आणि खाली ठिबकवत राहते, बाटली सगळी रिकामी होईपर्यंत. आत्ता जाऊन छर्‍याखालून बोट फिरवा, काडी लागेल. टोपली किमान २० सेंमी लांब, ट्रेच्या काठाबाहेर न्या. फ्लीसचा अभ्रा वर उचलला जाऊन नळीला टेकत असेल तर त्यानेही हेच होतं. तो ट्रेखाली नीट खोचा.

सिंहगडरोडकर
काडी होती. दोन होत्या, एक छर्‍याला चिकटलेली. टोपली समोरच्या बाजूला हलवली आहे.

गवतकाडी
समोरच्या बाजूला नेलीत म्हणजे आता मुताचा कोपराही तिकडे सरकेल, चारा खाता खाताच त्या मुततात. टोपलीखाली असाच दुसरा ट्रे ठेवा, पेलेट दोन सेंमी.