कच्ची मडकी विरघळू द्यायची की जपायची?

ओली_माती
गेल्या आठवड्यात एक प्रदर्शन दुसऱ्यांदा पाहून आलो आणि ते डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहितोय. विषय होता माणूस, माती आणि कशाचंच न टिकणं. मोठ्या हॉलमध्ये जमिनीवर न भाजलेली मडकी ओळीने मांडलेली, वर बारीक नळ्या, त्यातून थेंब थेंब पाणी. पहिल्यांदा गेलो तेव्हा मडकी कोरडी खडखडीत होती, काठ रेखीव, काहींवर घडवणाऱ्याच्या बोटांचे ठसेसुद्धा दिसत होते. पाच आठवड्यांनी गेलो तर अर्धी खचलेली, काहींचा नुसता गाळ, आणि हॉलभर ओल्या मातीचा वास. बराच वेळ उभा राहिलो. आजीचे शेवटचे महिने आठवले, माणूस असाच हळूहळू आकार सोडत जातो.

मग शेजारच्या खोलीत गेलो तर त्याच मडक्यांचे मोठ्ठे फोटो फ्रेम करून विकायला लावलेले आणि एक मडकं रसायन मारून काचेच्या पेटीत कायमचं ठेवलेलं. हे मला अजिबात पटलं नाही. एका खोलीत सांगायचं की सगळं जाणार आहे, ते सोडायला शिका, आणि दुसऱ्या खोलीत तेच घट्ट धरून ठेवायचं? जे जाण्यासाठीच केलंय ते जाऊ द्यावं, पूर्ण जाऊ द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

काठावरचा
अजिबात सहमत नाही. रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलाकाराने 1967 मध्ये गवतातून पुन्हा पुन्हा एकाच रेषेत चालून एक वाट पाडली, बस, तेवढंच काम. ते गवत काही दिवसांत परत उभं राहिलं असणार. आज आपण त्यावर बोलू शकतो ते फक्त एका ब्लॅक अँड व्हाइट फोटोमुळे. तुमचा नियम लावला तर ते काम त्या दिवशी तिथे असलेल्या चार लोकांपुरतंच उरलं असतं, किंवा कुणापुरतंच नाही. तुम्हाला दोनदा जाता आलं, पाच आठवड्यांचं अंतर ठेवून. ज्याला एकदाही जाणं शक्य नाही त्याने काय करायचं? जपणं म्हणजे लोभच असतो असं नाही हो, दुसऱ्यासाठी मागे ठेवणंही असतं.

ओली_माती
लाँगचा मुद्दा मान्य, पण तिथे तो फोटो कामाचाच भाग आहे, त्याने तसंच ठरवून केलंय. फोटोला माझा विरोध नाहीच खरं तर. मला खुपलं ते रसायन मारलेलं मडकं. बाकीच्या मडक्यांच्या वाट्याला जे आलं ते याच्या वाट्याला का नाही, याचं उत्तर त्या भिंतीवरच्या मजकुरात कुठेही नव्हतं.

हिशोब_मांडा
फोटो आणि पेटी सोडा, मूळ प्रश्न वेगळा आहे. अशा प्रदर्शनांचा पृथ्वीवर स्वतःचा भार किती? ओलाफुर एलियासन या कलाकाराने 2018 च्या डिसेंबरमध्ये लंडनला टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या बाहेर बर्फाचे 24 मोठे ठोकळे ठेवले होते आणि शहरात दुसरीकडे आणखी 6. सगळे ग्रीनलंडच्या नूकजवळच्या खाडीतून काढून थंड कंटेनरमधून आणलेले, लोकांसमोर वितळायला. तेव्हा असं सांगितलं गेलं की एक ठोकळा आणायला जेवढी ऊर्जा लागली तेवढी एका माणसाला लंडनहून आर्क्टिकला विमानाने जाऊन यायला लागते. म्हणजे 30 फेऱ्या. हिशोब उघड मांडला हे चांगलंच केलं, पण बर्फ वितळतोय हे कळायला बर्फ आणून वितळवावा लागतो का? तुमच्या हॉलमध्येसुद्धा पंप, दिवे, एसी चालूच असणार ना.

निळी_शाई
लागतो, असं मला वाटतं. तो बर्फ कड्यावरून फोडून आणला नव्हता, आधीच तुटून पाण्यात तरंगत होता, तो वितळणारच होता. आणि लोक त्याला कान लावत होते, कारण हजारो वर्षांपूर्वी आत अडकलेली हवा बुडबुडे फुटून बाहेर पडताना टिकटिक आवाज येतो. मी किती वर्षं तापमानवाढीचे आकडे वाचतेय, प्रत्येक वेळी पान उलटून पुढे गेलेय. आकड्याला हात लावता येत नाही. थंडगार ओल्या गोष्टीला हात लावला की शरीराला कळतं.

हिशोब_मांडा
शरीराला कळलं, मग पुढे? घरी जाऊन काय बदललं हे कुणीच विचारत नाही, माझा आक्षेप तिथे आहे.

डिंक_आणि_ब्रश
मी जुन्या कलाकृती दुरुस्त करायचं काम करते त्यामुळे हा प्रश्न माझ्या टेबलावर रोजचाच. शिल्पकार एवा हेसने 1960 च्या दशकाच्या शेवटी लॅटेक्स, म्हणजे रबराचा चीक, वापरून शिल्पं केली. लॅटेक्स काही वर्षांत काळपटतं, कडक होतं, हात लावला की तुकडा पडतो, आणि हे तिला माहीत होतं. घेणाऱ्यांबद्दल तिला थोडं अपराधी वाटायचं, पण कलाही टिकत नाही आणि आयुष्यही टिकत नाही असंही ती म्हणायची. 1970 मध्ये ती गेली, अवघी 34 वर्षांची. तिचं 1969 चं एक मोठं काम न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात 35 वर्षं लोकांसमोर आलंच नव्हतं, शेवटी 2022 मध्ये डागडुजी करून मांडलं. आता सांगा, त्या 35 वर्षांत ते अंधारात पडून झिजत होतं ते तिच्या मनासारखं झालं, की लोकांसमोर उभं राहिलं ते? मला एकच एक उत्तर सापडलेलं नाही, पण "जाऊ द्या" हे बाहेरून म्हणायला सोपं आहे. समोर तुकडा गळून पडतो तेव्हा हात आपोआप पुढे जातो.

बांधावरून
शेतकरी कुटुंबातला आहे, म्हणून वेगळं बोलतो. न्यूयॉर्कमध्ये वॉल्टर डी मारिया या कलाकाराची एक खोली आहे, ती खोलीच कलाकृती, 1977 पासूनची. 3,600 चौरस फुटांत 22 इंच माती भरलेली, सुमारे 127 टन. तिला पाणी घालतात, दाताळ्याने सारखी करतात आणि काही उगवलं की काढून टाकतात. मातीत काही उगवू द्यायचं नाही म्हणजे मला समजतच नाही. याला मातीशी नातं म्हणायचं? आमच्याकडे उगवलं नाही तर घरात कुणी बोलत नाही त्या दिवशी. तुमच्या हॉलमधली मडकी विरघळली, तुम्हाला भरून आलं, खरंच आलं असणार, शंका नाही घेत. पण वरची सुपीक माती एका जोरदार पावसात वाहून जाते तेव्हा बघायला कुणी येत नाही आणि ते परत मांडताही येत नाही.

निळी_शाई
@बांधावरून मग अ‍ॅग्नेस डेनेसचं काम तुम्हाला जवळचं वाटेल. 1982 मध्ये तिने मॅनहॅटनमध्ये, वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या शेजारी, भरावाच्या जागेवर 2 एकर गहू लावला. आधी दगड आणि कचरा उचलला, ट्रकने माती आणली, सऱ्या हाताने पाडल्या, आणि ऑगस्टमध्ये कापणी करून साडेचारशे किलोच्या वर गहू काढला. नंतर तिथे इमारती झाल्या.

बांधावरून
हे पटलं. पीक काढलं तिने. पण जागा गेलीच शेवटी इमारतीखाली, आणि शेत गेलं की काय होतं ते आम्हाला कलाकाराने सांगायची गरज नाही.

काठावरचा
मूळ धाग्याकडे येतो. @ओली_माती, त्या गाळाचं पुढे काय झालं? गाडीत भरून कचऱ्यात गेला असेल तर पेटीतल्या मडक्यापेक्षा ते जास्त वाईट.

ओली_माती
मी विचारलं होतं तिथल्या माणसाला. ज्या कुंभाराने मडकी घडवली तोच बादल्या घेऊन येणार होता. मडकं एकदा भट्टीत साधारण 600 अंशांच्या पुढे तापलं की त्याची परत मळायची माती होत नाही, मग खापरच उरतं, म्हणून कच्चीच ठेवली होती. हा गाळ सुकवून, चाळून, परत मळून चाकावर चढणार. रसायन मारलेलं एकच आता कधी माती होणार नाही, माझा राग त्यावर होता हे आत्ता लिहिताना कळतंय.

डिंक_आणि_ब्रश
म्हणजे विरघळलेली मडकीच टिकली आणि जपलेलं तेवढं गेलं. त्या पेटीवर हे लिहायला हवं होतं, फक्त एवढंच लिहिलं असतं तरी मी ती तिथून हलवू नका म्हटलं असतं.

ओली_माती
मी अजूनही हलवा म्हणेन. पण लिहिलं असतं तर परत एकदा बघायला गेलो असतो.