तल्लफ दाबायची की येऊ द्यायची?

धागालेखक: ‘मनावर घे, सुटेल’ हे न ऐकलेला तंबाखूवाला सापडणार नाही. माझं मत स्पष्ट आहे: माणसाला तल्लफेशी झुंजायला लावणं चूक आहे. झुंजताना दिवसभर तिचाच विचार होतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज यांनी १९८०च्या दशकात मांडायला घेतलेली, स्वीकारावर आधारलेली ‘अ‍ॅक्ट’ पद्धत वेगळं सांगते. तल्लफ आली की घशात, जबड्यात, छातीत काय होतंय ते पाहा. तिला राहू द्या, फक्त हात पुडीकडे जाऊ देऊ नका. आणि हे सगळं कशासाठी, ते स्वतःशी पक्कं करा. सिअ‍ॅटलला जोनाथन ब्रिकर यांच्या गटाने २४१५ धूम्रपान करणाऱ्यांवर चाचणी घेतली (२०२०). या पद्धतीचं अ‍ॅप वापरणाऱ्यांपैकी २८.२ टक्के लोक वर्षभरानंतर किमान ३० दिवस सिगारेटविना होते. नेहमीच्या सल्ल्याच्या अ‍ॅपवर २१.१ टक्के.

प्रतिसाद १: साफ असहमत. म्हणजे सत्तरहून जास्त टक्के लोकांची सिगारेट सुटली नाही! शिवाय दारूचं काय? रोज भरपूर पिणारा अचानक थांबला तर हात थरथरतात, फिट येते, भास होतात. वेळेवर औषध मिळालं नाही तर जीवही जातो. त्याला शरीराकडे पाहत बस म्हणणार?

धागालेखक: नाही. तिथे आधी डॉक्टर आणि औषधं, यात दुमत नाही. पण शरीर सावरल्यावर गुत्त्यावरूनच घरी जायचं असतं, तल्लफ तिथे येते. आणि शरम! ‘मी वायाच गेलोय’ असं वाटलं की माणूस पुन्हा पितो. जेसन ल्युओमा आणि सहकाऱ्यांच्या २०१२च्या अभ्यासात निवासी उपचारातल्या रुग्णांना शरमेवर या पद्धतीची सगळी मिळून फक्त सहा तासांची सत्रं दिली. शरम लगेच फारशी उतरली नाही, पण चार महिन्यांनी उतरलेली दिसली आणि नशेचे दिवसही कमी भरले. मला हे फार मोलाचं वाटतं.

प्रतिसाद २: आहे ते स्वीकारणं नवं नाही. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या, १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (एए) या गटाची पहिली पायरी दारूपुढची हतबलता मान्य करण्याचीच. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून काम करतंय. माणूस गटात टिकतो, मोबाइल घेऊन एकटा नाही.

प्रतिसाद १: शरमेचं पटलं. पण ते सहा तास घेणार कोण? तालुक्याला प्रशिक्षित समुपदेशक मिळणं मुश्कील, आणि मिळाला तर दर भेटीची फी मजुराने कुठून आणायची? एएच्या सभेला फी नसते. आधी तिथे पाठवा.