लिथियम बॅटऱ्यांची विमानाने वाहतूक पूर्ण बंद करावी का?

रानजाई: माझं मत, हो. मालवाहू विमानांतूनसुद्धा. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून निघालेल्या, यूपीएस या माल पोचवणाऱ्या कंपनीच्या बोइंग ७४७ मालवाहू विमानात बॅटऱ्यांचा माल होता आणि उड्डाणानंतर थोड्याच वेळात आग लागली. कॉकपिटमध्ये इतका धूर भरला की समोरची मीटरं दिसेनात. कॅप्टनचा ऑक्सिजन बंद पडला, ते जागेवरून उठले ते परत आलेच नाहीत. फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, एकटा, इतर विमानांनी रेडिओवरून सांगितलेल्या उंची-वेगाच्या भरवशावर विमान परत आणत होता. दोघेही गेले. प्रवासी विमानांतून लिथियम-आयन बॅटऱ्या नुसता माल म्हणून न्यायला १ एप्रिल २०१६ पासून बंदी आहे. मग मालवाहू विमानाच्या वैमानिकांनी काय घोडं मारलंय?

सहारकर: मी कार्गोत काम करतो. बंदी आली तर माल थांबणार नाही, फक्त लेबल निघेल. तुमच्याच उदाहरणात, चौकशीनुसार काही बॅटऱ्या नियमाने धोकादायक मालात मोडत होत्या, पण तसं जाहीर केलेलं नव्हतं. १९९६ चा फ्लोरिडातला व्हॅल्यूजेट या विमान कंपनीचा अपघात आठवा. मुदत संपलेले ऑक्सिजन जनरेटर (रसायनातून ऑक्सिजन बनवणारे आणि तेव्हा प्रचंड तापणारे डबे), सेफ्टी कॅप न लावता खोक्यात भरलेले, कागदावर मात्र 'रिकामे'. ११० माणसं गेली. त्या कंपनीला असा माल न्यायची परवानगीच नव्हती! म्हणजे बंदी होतीच की.

कंदील: सहारकरांशी सहमत. पेसमेकरमध्येही लिथियमचीच बॅटरी असते. तो काय बोटीने मागवायचा?

रानजाई: पेसमेकरला सवलत द्या, कोण नाही म्हणतंय? मी पॉवर बँक आणि सुट्या सेलच्या ढिगाबद्दल बोलतेय. आणि नीट जाहीर केलेला सेलही बिघडू शकतो. विमानातला आग विझवणारा वायू, हॅलॉन, ज्वाळा दाबतो, पण एक सेल तापून शेजारच्याला तापवतो ती साखळी त्याने तुटत नाही. त्या ७४७ च्या मेन डेकवर, म्हणजे मुख्य मजल्यावर, तर हॅलॉनही नव्हता. केबिनमधला दाब काढून आग कोंडायची, एवढाच उपाय.

सहारकर: म्हणून तर ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज चालत नाही.

रानजाई: आणि तो तपासता कसा? एक्स-रेत सेल दिसतात, चार्ज नाही.

सहारकर: बरोबर, तिथे आम्ही शिपरच्या, म्हणजे माल पाठवणाऱ्याच्या, सहीवरच विसंबतो. त्यासाठी खोटी सही करणाऱ्याला जबर शिक्षा हवी. शिवाय यूपीएसने त्या अपघातानंतर आगरोधक कंटेनर घेतले, ते सगळ्यांना सक्तीचे करा. बंदीपेक्षा त्याने जास्त जीव वाचतील.

रानजाई: सक्ती करा, जरूर करा. पण ती होईपर्यंत ढीग विमानात चढवू नका.